नवरा बोटीवर आहे, मीही जाऊ का?

पत्र

ताई, मी 27 वर्षांची. माहेर देवरुखचं, सासर गुहागरजवळ. लग्नाला सव्वा वर्ष झालं, त्यातले आठ महिने नवरा बोटीवरच होता. तो क्रूझ शिपवर गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात आहे. मीही हॉटेल मॅनेजमेंट केलंय, पुण्याला एका हॉटेलात हाउसकीपिंगमध्ये होते, लग्न ठरल्यावर नोकरी सोडली. आता मुंबईतला एक एजंट म्हणतोय, ह्यांच्याच कंपनीत स्टेटरूम अटेंडंट म्हणून, म्हणजे प्रवाशांच्या केबिन आवरायला, लावून देतो, दोघांना एक केबिनही मिळवून देतो, अडीच लाख भरा. सासूबाई म्हणतात, आमची सून बोटीवर लोकांच्या गाद्या घालायला जाणार का? आई म्हणते, आधी मूल होऊ दे. नवरा म्हणतो, तू ठरव. मला काही जग बघायचं नाही, फक्त ह्यांच्यासोबत राहायचंय. पुढच्या महिन्यात 20 तारखेला ते साइन ऑन करतायत, म्हणजे बोटीवर रुजू होतायत. काय करू?

उत्तर

अगं, आधी पैशांचं बोलते, कारण बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे, याला नाही. त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नकोस. टोकन म्हणून नाही, फाइल चार्ज म्हणून नाही, व्हिसाचे म्हणूनही नाही. जहाजावर काम करणाऱ्यांच्या हक्कांचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, एमएलसी 2006. भारताने तो 2015 मध्ये मान्य केला. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक, आणि सरकारी नियमाचं मेडिकल सर्टिफिकेट, एवढाच खर्च आपला. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा. आणि या करारापुरता गाद्या घालणारा, भांडी घासणारा, बारमध्ये ग्लास पुसणारा असा प्रत्येक जण खलाशीच.

एजंटाकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचं, आरपीएसएल लायसन्स असायला हवं. खलाशांची भरती करायला ते लागतं. त्याचा नंबर माग. मग डीजी शिपिंगच्या वेबसाइटवरच्या यादीत तो नंबर, कंपनीचं नाव आणि पत्ता तिन्ही जुळतात का ते बघ. नंबर द्यायला का-कू करत असेल तर तिथेच विषय संपव. यादीत नाव असूनही पैसे मागत असेल, तर डीजी शिपिंगकडे लेखी तक्रार करता येते. त्यांचं ऑफिस मुंबईत कांजूरमार्गला आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या घरातून 80 हजार गेलेत. 2013 साली माझ्या नवऱ्याने एका एजंटाला दिले होते, त्यातले अर्धे माझ्या सासूबाईंच्या बांगड्या मोडून आलेले. सात महिने 'जॉइनिंग येतंय, जॉइनिंग येतंय' एवढंच ऐकलं. एक दिवस आम्ही दोघं जाऊन बघतो तर दाराला कुलूप, आणि जिन्यात सावंतवाडीकडचे तीन मुलगे मांडीवर फायली घेऊन बसलेले. त्यातल्या एकाने आम्हाला विचारलं, "तुम्ही ऑफिसचे का?" तो प्रश्न मला अजून ऐकू येतो. पुढच्या वर्षी लायसन्स असलेल्या ठिकाणी मुलाखत देऊन आम्ही दोघंही बोटीवर लागलो, एक पैसा न देता.

दुसरं म्हणजे 'एक केबिन मिळवून देतो' हे एजंटाच्या हातातच नसतं. केबिन कोणाला कुठली द्यायची हे जहाजावर ठरतं. बऱ्याच कंपन्या नवरा-बायकोला एकत्र केबिन देतात, पण ती सोय आहे, हक्क नाही. जागा असेल, दोघांच्या हुद्द्यांना चालत असेल, तर. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतो. लग्नपत्रिका आणि हार घातलेला फोटो चालत नाही, तेही आम्ही करून बघितलं. तुमची नोंदणी राहिली असेल तर ग्रामपंचायतीत ती या आठवड्यात करून घ्या, आणि दोघांच्या पासपोर्टवर एकमेकांची नावं चढवायला टाका. बोटीवर जा नाहीतर जाऊ नकोस, ही दोन कामं वाया जाणार नाहीत.

आता तारखा बघ. तो 20 तारखेला जातोय. तुझं एसटीसीडब्ल्यूचं बेसिक ट्रेनिंग, म्हणजे खलाशांसाठी सक्तीचं सुरक्षेचं ट्रेनिंग व्हायचंय, खलाशांच्या सरकारी नोंदीचा इन्डॉस नंबर, सीडीसी, मेडिकल, अमेरिकेच्या बंदरांवरून जाणारं जहाज असेल तर क्रूसाठीचा सी-वन-डी व्हिसा, सगळंच बाकी. (ट्रेनिंगमध्ये लाइफ जॅकेट घालून पाण्यात उडी मारायला लावतात आणि उलटा पडलेला राफ्ट सुलटा करायला लावतात. पाण्याची भीती असेल तर आत्तापासून सवय कर. कोकणात वाढलेल्या आपण बायका समुद्र रोज बघतो, पण पोहायला आपल्याला कोणी शिकवत नाही.) यात काही महिने जातात. म्हणजे तू चढशील तेव्हा त्याचं कॉन्ट्रॅक्ट निम्मं सरलेलं असेल. दोन-तीन महिने सोबत मिळेल, मग तो साइन ऑफ होऊन गुहागरला आणि तू आपल्या कॉन्ट्रॅक्टचे उरलेले महिने तिथेच. आमचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट तर वेगवेगळ्या जहाजांवर गेलं. तो कॅरिबियनमध्ये, मी भूमध्य समुद्रात. तारखा जुळवायच्या असतील तर त्याने आत्ताच आपल्या कंपनीत विचारायला हवं, की पुढच्या वेळी दोघांना एका जहाजावर, एका सुमाराला पाठवाल का. हे विचारणारा एजंट नाही, तुझा नवरा.

आता सोबत राहण्याचं.

दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला आम्हाला एक केबिन मिळाली. पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही. एकावर एक दोन बंक, प्रत्येकाला पडदा. दोघांनी एकदम उभं राहून कपडे बदलता येत नाहीत, एकाने बंकवर चढून बसायचं. बाथरूम इतकं लहान की अंघोळ करताना पडदा अंगाला चिकटतो. भिंती लोखंडी, म्हणून सगळं मॅग्नेटवर टांगलेलं असतं: टोप्या, चाव्या, आईने दिलेला देवीचा फोटो. दिवस की रात्र ते घड्याळ सांगेल तेच खरं, आणि ते घड्याळही जहाज पश्चिमेला निघालं की तासभर मागे जातं.

माझं काम साडेसात ते दीड आणि पुन्हा साडेपाच ते साडेनऊ. माझ्याकडे अठरा केबिन होत्या. सकाळी सफाई, संध्याकाळी टर्नडाउन, म्हणजे झोपायसाठी पलंग लावून देणं. त्याचं गॅलीत दहा ते तीन आणि पाच ते अकरा. दुपारी तो खाली येई तोवर मी झोपलेली असायचे, आणि मी उठायच्या आत तो गेलेला असायचा. मग आम्ही आरशावर मॅग्नेटखाली चिठ्ठ्या ठेवायला लागलो. 'युनिफॉर्म लाँड्रीत दिलाय.' 'आईला फोन कर, गुडघा दुखतोय.' एकदा नुसतंच 'आज फणसाची भाजी आठवली.' त्या चिठ्ठ्या मी ठेवल्या आहेत.

आठवड्याची सुट्टी नावाची गोष्ट नसते. सहा-आठ महिने रोज काम. नियम असा की 24 तासांत किमान 10 तास विश्रांती मिळाली पाहिजे, ती दोनाहून जास्त तुकड्यांत नको, आणि त्यातला एक तुकडा सलग 6 तासांचा हवा. हा नियम पाठ कर आणि आपल्या कामाचे तास आपल्या वहीत लिहीत जा. आमच्याकडे मायामीत परतायचा दिवस सगळ्यात अवघड. सकाळी हजारो माणसं उतरायची, दुपारी तितकीच चढायची, मधल्या वेळात अठराच्या अठरा केबिन अशा करायच्या की आधी तिथे कोणी राहिलंच नव्हतं. त्यातच कधी यूएसपीएचची, म्हणजे अमेरिकेच्या आरोग्य खात्याची स्वच्छता तपासणी. 100 पैकी 85 किंवा त्याखाली गुण आले की जहाज नापास. तपासणीवाले आले ही बातमी आधी गॅलीत पोचते, आणि मग त्या रात्री नवरा बोलायच्या स्थितीत नसतो.

बंदराला लागल्यावर तरी एकत्र फिरू, असं वाटतं. पण जहाज बंदरात असलं तरी आणीबाणीसाठी ठरावीक क्रू जहाजावरच थांबावा लागतो. त्याला आम्ही आयपीएम म्हणायचो, त्याची पाळी लागते. माझी पाळी नसे तेव्हा त्याची असे. एकदा मेक्सिकोतल्या कोझुमेल बंदराला दोघांना एकदम चार तास मोकळे मिळाले. लोकांनी विचारलं, कुठे गेलात? आम्ही गँगवेवरून उतरलोच नाही. केबिनचं दार लावलं आणि चार तास झोपलो, एका बंकवर, अंग आखडून. लग्नानंतरची ती माझी सगळ्यात सुखाची दुपार होती.

हे तुला घाबरवायला सांगत नाही. रात्री साडेअकराला तो यायचा, हाताला कांद्याचा आणि सॅनिटायझरचा वास, आणि दिवसभरातली एखादी गोष्ट सांगता सांगता अर्ध्या वाक्यात झोपायचा. फोनवर ऐकलेल्या आठ महिन्यांपेक्षा ते अर्धं वाक्य मला जास्त होतं. तुलाही कदाचित पुरेल. पण त्या अर्ध्या वाक्याच्या आधी दहा-अकरा तासांचं काम आहे, आणि ते तुझं एकटीचं आहे. पाठ दुखेल तेव्हा 'मी ह्यांच्यासाठी आले' हे कारण पुरत नाही. आमच्या ओळखीची दोन जोडपी मी त्यापायी भांडताना पाहिली आहेत, आणि तिथे भांडून जायला माहेर नसतं. केबिनचं दार आपटून बाहेर पडलं की समोर तो लांबलचक कॉरिडॉर, ज्याला सगळे आय-नाइन्टी-फाइव्ह म्हणतात, आणि त्यावरून जाणाऱ्या पन्नास देशांच्या माणसांना सकाळपर्यंत सगळं कळलेलं असतं.

म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारून बघ. हीच नोकरी, हाच पगार, पण जहाज दुसरं, नवरा तिथे नाही. गेली असतीस का? तुझं उत्तर 'हो' असेल, थोडं दबकत का होईना, तर जा. तुझं शिक्षण त्याचंच आहे, पुण्यात तू ते काम केलं आहेस, आणि स्वतःच्या खात्यात पडलेला पगार माणसाला कसा उभा करतो हे मी तुला काय सांगू. उत्तर 'नाही' असेल, तर त्याच्या सोबतीसाठी दुसरे रस्ते शोधा. त्याला लहान कॉन्ट्रॅक्ट मिळतं का, काही वर्षांनी किनाऱ्यावरची नोकरी धरता येते का, तू पुण्याची किंवा रत्नागिरीची नोकरी पुन्हा धरून त्याची दोन कॉन्ट्रॅक्टं कमी करू शकतेस का.

पण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. तो म्हणतो, 'तू ठरव.'

सहा-आठ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर जाणाऱ्या माणसाला बायको सोबत येणार म्हटल्यावर आनंद व्हायला हवा. झालाही असेल. मग तो गप्प का? मला कारण ठाऊक आहे असं म्हणणार नाही, पण आमच्याकडे काय झालं ते सांगते.

माझा नवरा सुट्टीवर आला की फोटो दाखवायचा. बर्फाचे डोंगर, निळं पाणी, कोरीव कलिंगडं. आई-वडील, शेजारीपाजारी सगळे कौतुकाने बघायचे. एका जहाजावर आल्यानंतर तिसऱ्याच दिवशी मी टॉवेल्सची गाडी घेऊन गॅलीच्या मागच्या बाजूने चालले होते. त्याच्याहून सात-आठ वर्षांनी लहान एक सुपरवायझर त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडत होता. एका ट्रेचं तापमान लिहायचं राहिलं होतं, एवढंच. हा मान खाली घालून 'येस शेफ, येस शेफ' म्हणत होता. मान वर केली तेव्हा मी दिसले. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या रात्री अंधारात खालच्या बंकवरून म्हणाला, "तू हे बघायला नको होतंस."

घरी तो कर्ता मुलगा होता. बोटीवरचा म्हणून गावात मान होता. तिथे काय करून तो पैसा येतो हे एकट्याने सोसायची त्याला सवय झाली होती, आणि आता बायको साक्षीला आली. त्या रात्रीनंतर त्याने मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. पहिल्या कॉन्ट्रॅक्टला भांडी घासताना हातांची सालं गेली ते, डेकवर जाऊन रडला ते. लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. तुझा नवरा याच कारणाने 'तू ठरव' म्हणतोय असं नाही. पण तू तिथे गेलीस तर हा माणूस तुला भेटणार आहे, आणि त्यालाही ते माहीत आहे.

चांगलंही सांगते, नाहीतर अन्याय होईल. अलास्काच्या सीझनला जहाज ग्लेशियर बेमध्ये शिरतं. प्रवासी वर कॉफी घेऊन उभे असतात. क्रूला पुढच्या टोकाला, बोवर, एक उघडा डेक असतो. मला ब्रेकची पंधरा मिनिटं होती, तो शेफचा कोट घालून तसाच आला होता. कागदी कपात चहा, आणि समोर निळसर बर्फाची भिंत. आधी तिचा एक तुकडा आवाज न करता निसटला, पाणी उसळलं, आणि मग मागून गडगडाट आला. तो म्हणाला, "आईला हे कसं सांगायचं?" आणि आम्ही दोघं खाली पळालो, कारण पंधरा मिनिटं झाली होती.

सासूबाईंचं. 'लोकांच्या गाद्या घालणार का' याला चिडून उत्तर देऊ नकोस. रत्नागिरी-रायगडातली किती घरं बोटीच्या पैशावर उभी आहेत हे त्यांना माहीत आहे. गोव्यात तर तारवटी, म्हणजे बोटीवरचा, म्हटलं की आदराने बघतात. पण आजवर रीत अशी की पुरुष बोटीवर, बाई घरी, आणि त्या बाईच्या आधाराने सासू. तुम्ही दोघंही गेलात तर त्या मोठ्या घरात दिवा लावायला त्या एकट्या. गाद्यांचं बोलणं हे बहुतेक त्या एकटेपणाचं बोलणं आहे. त्यांना तारखा सांग, किती महिने, परत कधी, दुखलंखुपलं तर जवळ कोण. आमच्या वेळी फोन करायचा तर बंदरातलं खलाशांसाठीचं सीफेरर्स सेंटर गाठावं लागायचं, तिथे मिशनवाल्यांचं वायफाय मिळायचं. आता उपग्रहाचं इंटरनेट आलंय, रोज व्हिडिओ कॉल होतो.

आईचं म्हणणंही उडवून लावू नकोस. मूल कधी हवं हा तुमचा दोघांचा निर्णय, पण ते लवकर हवं असेल तर बोट थांबू दे. आमच्या जहाजावर दिवस राहिल्याचं कळलं की साइन ऑफ करून घरी पाठवायचे, आणि दोन कॉन्ट्रॅक्टांच्या मधल्या काळात पगार नसतो हे तर तुला माहीतच आहे. कंपनीचा नियम काय, रजेत काय मिळतं, परत घेतात का, हे सही करण्याआधी लेखी विचार. करारनाम्याची सही केलेली प्रत स्वतःजवळ ठेव. आजारपणाचा उपचार आणि कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर घरी पोचवणं ही मालकाची जबाबदारी आहे. आणि सीडीसीवरचे साइन ऑन-साइन ऑफचे शिक्के जपून ठेव. वर्षातले किती दिवस देशाबाहेर होतीस यावर तुझा टॅक्स ठरतो. त्यासाठी खलाशांचं काम बघणारा सीए गाठ, गावातला साधा नको.

तर आता 20 तारखेच्या आत एक संध्याकाळ काढ. घरात नको, घरात सगळे असतात. समुद्रावर जा. त्याला 'मी येऊ का' असं विचारू नकोस, त्याचं उत्तर तुला मिळालंय. त्याचा एक दिवस विचार. सकाळी किती वाजता उठतोस, आधी काय हातात घेतोस, जेवायला कोणाशेजारी बसतोस, कोण ओरडतं, रात्री खाली आल्यावर काय करतोस. मध्ये बोलू नकोस आणि फोटो दाखवायला लागला तर फोन हलकेच बाजूला ठेव. त्याचा दिवस पूर्ण ऐकून झाला की मग त्याच्या त्या दिवसात तुझे साडेसात ते दीड आणि साडेपाच ते साडेनऊ बसवून बघा, दोघं मिळून, कागदावर. आणि काय ठरलं ते मला कळव. जाणार असशील तर मला पत्ता पाठव, माझ्याकडे अजून दोन डझन मॅग्नेट आहेत.